विकसित देशाची अन्नसुरक्षा कशी तपासावी : जपानच्या तांदळावरून

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधल्या अनेक सुपरमार्केटांत तांदळाच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. जिथे थोडाफार माल येत होता तिथे ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’ अशी सूचना लावलेली असे आणि दुकान उघडल्यानंतर काही वेळातच त्या पिशव्याही संपून जात. गहू, सोयाबीन, मका, तेलबिया आणि पशुखाद्य यांचा मोठा भाग परदेशातून आणणाऱ्या या देशात त्या महिन्यात पाव, नूडल्स, तेल आणि मांस व्यवस्थित मिळत होते. मिळत नव्हता तो तांदूळ, म्हणजे नेमके तेच धान्य ज्यात जपान जवळजवळ पूर्णपणे स्वयंपूर्ण आहे.

ही विसंगती नीट समजून घेतली, तर कोणत्याही विकसित देशाची अन्नसुरक्षा कशी तपासायची हे बऱ्याच अंशी कळते. कृषी अर्थशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि या विषयावर लिहिणारे पत्रकार यांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत मी पुढे मांडत आहे. उदाहरण सर्वत्र जपानचेच घेतले आहे, कारण या देशाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध होते आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या धोरणांची खरी परीक्षा झाली आहे.

व्याख्येपासून सुरुवात करावी

‘अन्नसुरक्षा’ म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर रेशन दुकान, हमीभाव आणि अन्न महामंडळाची गोदामे येतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यामुळे तर हा शब्द स्वस्त धान्याशी कायमचा जोडला गेला आहे. जपानचा कायदा वाचताना ही कल्पना थोडा वेळ बाजूला ठेवावी. तिथे गरिबांना दरमहा धान्य देणारी व्यवस्था नाही, आणि सरकारचा तांदूळसाठा मुळात वाटपासाठी उभारलेलाच नाही.

१९९६ मध्ये रोम येथे झालेल्या जागतिक अन्न परिषदेने मान्य केलेल्या व्याख्येनुसार सर्व लोकांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्षात आणि आर्थिकदृष्ट्या मिळू शकले पाहिजे. जपानने १९९९ मध्ये केलेल्या अन्न, कृषी आणि ग्रामीण क्षेत्रविषयक मूलभूत कायद्याचा भर मात्र देशाला होणाऱ्या एकूण पुरवठ्यावर होता. २०२४ च्या जूनमध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि चांगल्या प्रतीचे अन्न वाजवी किमतीत स्थिरपणे पुरवले जाणे, तसेच ते प्रत्येक नागरिकाला मिळू शकणे, अशी अन्नसुरक्षेची व्याख्या त्यात आली. ‘प्रत्येक नागरिकाला’ हे शब्द यायला पंचवीस वर्षे लागली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणत्याही देशाचा कायदा हाती घेतल्यावर प्रथम हेच पाहावे की तो देशाच्या कोठाराविषयी बोलतो आहे की माणसाच्या ताटाविषयी.

एका टक्केवारीवर विसंबू नये

जपानविषयीच्या प्रत्येक लेखात ३८ टक्के हा आकडा येतो. तो उष्मांकांवर आधारलेला स्वयंपूर्णतेचा दर आहे. त्याचा हिशेब स्वतः करून पाहावा, म्हणजे त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. २०२३ च्या आर्थिक वर्षात जपानमध्ये दरडोई दररोज २,२०३ किलोकॅलरी अन्नाचा पुरवठा झाला आणि त्यापैकी ८४१ किलोकॅलरी देशांतर्गत उत्पादनातून आल्या. भागाकार केला की ३८ टक्के येतात. १९६५ मध्ये हाच दर ७३ टक्के होता.

या घसरणीचा अर्थ ‘जपानची शेती निम्म्यावर आली’ असा लावू नये. घसरणीचे मोठे कारण ताटात आहे. १९६२ मध्ये एक जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे, आता हे प्रमाण ५१ किलोच्या आसपास आले आहे. त्याची जागा पाव, मांस, दूध आणि तेल यांनी घेतली, आणि या सगळ्यांच्या मुळाशी आयात केलेला गहू, मका व सोयाबीन आहे.

अंड्याचे उदाहरण इथे मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या शंभर अंड्यांपैकी ९६ ते ९७ देशातल्याच कोंबड्यांची असतात, त्यामुळे दुकानातल्या खोक्यावर ‘देशी उत्पादन’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. पण त्या कोंबड्यांचे खाद्य मुख्यतः परदेशी मक्याचे असते. उष्मांकांचा हिशेब करताना परदेशी खाद्यावर वाढलेले अंडे देशी धरले जात नाही, आणि मग तीच ९६-९७ टक्के स्वयंपूर्णता १२-१३ टक्क्यांवर येते. अंडी देणारी कोंबडी जपानमध्ये आहे, पण तिचे शेत अमेरिकेत किंवा ब्राझीलमध्ये आहे, असे हे चित्र आहे. आपल्या अभ्यासाच्या देशातल्या दूध, अंडी आणि मांस या तिन्ही वस्तूंसाठी हा दुहेरी हिशेब अवश्य करावा.

याच्या उलट बाजूही तपासावी. भाजीपाला आणि फळे यांत उष्मांक कमी व किंमत अधिक असते, त्यामुळे मूल्यावर आधारलेला जपानचा दर २०२३ मध्ये ६१ टक्के होता. एकाच वर्षाचे, एकाच देशाचे हे दोन आकडे आहेत. संकटाची भीती दाखवायची असेल तर लोक ३८ सांगतात आणि शेतीचे सामर्थ्य दाखवायचे असेल तर ६१ सांगतात. दोन्ही खरे आहेत, म्हणून लेखात यांपैकी एकच आकडा दिसला की लेखकाला काय सिद्ध करायचे आहे ते ओळखावे. शिवाय उष्मांकांच्या भागाकारात छेदस्थानी ‘पुरवलेले’ अन्न असते, ‘खाल्लेले’ नव्हे. जे अन्न वाया जाते तेही त्यात मोजले जाते. २०२२ च्या आर्थिक वर्षात जपानमध्ये खाण्याजोगे असूनही टाकून दिलेले अन्न सुमारे ४७ लाख टन होते, त्यातले निम्मे घरांतून आणि निम्मे उद्योग-व्यवसायांतून गेले.

पिकाचा ताळेबंद स्वतः मांडावा

आता तांदळाकडे वळू. हा या पद्धतीचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबून हिशेब करावा. कोणत्याही मुख्य पिकासाठी चार आकडे लागतात: हंगामाच्या सुरुवातीचा शिल्लक साठा, त्या वर्षीचे उत्पादन, वर्षभरातली मागणी आणि अखेरची शिल्लक. जपानमध्ये तांदळाचे हे वर्ष जुलै ते जून असे धरतात, कारण नवा तांदूळ उन्हाळ्याच्या अखेरीपासून बाजारात येऊ लागतो.

जून २०२३ अखेर व्यापारी व सहकारी संस्थांकडे १९.७ लाख टन तांदूळ शिल्लक होता. त्या वर्षी जेवणासाठीच्या तांदळाचे उत्पादन ६६.१ लाख टन झाले. मागणी ७०.५ लाख टन निघाली. बेरीज-वजाबाकी केली की जून २०२४ अखेरची शिल्लक १५.३ लाख टन येते, आणि ही शिल्लक तुलनेसाठी उपलब्ध असलेल्या १९९९ पासूनच्या आकड्यांत सर्वांत कमी होती. सर्वसाधारणपणे १८ ते २० लाख टन शिल्लक ही बाजार सुरळीत चालण्यासाठी योग्य मानली जाते.

सरकारने मागणीचा अंदाज सुमारे ६८ लाख टनांचा बांधला होता. तो चुकला. गव्हाचे पदार्थ महाग झाल्यामुळे लोक तांदळाकडे वळले होते आणि परदेशी पर्यटकही वाढले होते. तिसरे कारण असे आहे जे केवळ उत्पादनाच्या आकड्याकडे पाहून कधीच कळणार नाही. २०२३ चा उन्हाळा अतिशय कडक होता. दाणा भरण्याच्या दिवसांत रात्रीही तापमान उतरले नाही की तांदळाच्या पोटात पिठूळ, दुधाळ पांढरा भाग तयार होतो आणि असा दाणा गिरणीत पॉलिश करताना फुटतो. निइगाता प्रांतातला कोशिहिकारी हा जपानचा नावाजलेला तांदूळ आहे, पण त्या वर्षी तिथल्या कोशिहिकारीपैकी पहिल्या प्रतीचा माल जेमतेम ५ टक्के निघाला. कागदावर टनांचा आकडा जवळजवळ ठरल्याप्रमाणे होता, पण गिरणीतून निघणारा उतारा घसरला होता. कोकणात किंवा भंडारा-गोंदियात भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कणी किती निघाली यावरच त्याचा भाव ठरतो.

इथे एक सावधगिरी बाळगावी. जपानची सरकारी आकडेवारी तूस काढलेल्या, पण पॉलिश न केलेल्या तांदळाची असते. पॉलिश केल्यावर साधारण दहा टक्के वजन कोंड्यात जाते. दुकानातली पाच किलोची पिशवी पांढऱ्या तांदळाची असते. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो, आणि प्रत्यक्ष तूट त्याहून कमी असताना असा गोंधळ सगळा निष्कर्षच बिघडवतो.

तूट किती होती? मागणी आणि उत्पादन यांतला फरक ४.४ लाख टन, म्हणजे मागणीच्या सहा टक्क्यांच्या आसपास. अशा तंग बाजारात ८ ऑगस्ट २०२४ रोजी ह्यूगा-नादा समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि नानकाई खंदकात महाभूकंपाची शक्यता वाढल्याची सूचना जपानच्या हवामान संस्थेने प्रथमच दिली. लोकांनी घरात धान्य भरून ठेवायला सुरुवात केली आणि फळ्या रिकाम्या झाल्या. नवा तांदूळ आल्यावर भाव उतरतील असे सांगितले जात होते, पण तसे झाले नाही. २०२४ च्या आरंभी पाच किलोची पिशवी साधारण २,००० येनला मिळत होती, तीच मे २०२५ मध्ये सरासरी ४,२८५ येनपर्यंत पोचली. सहा टक्के तूट आणि दुप्पट भाव, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. ज्या वस्तूशिवाय माणसाचे चालत नाही तिच्या बाबतीत थोडी तूटही भावाला किती वर नेते, हे यातून दिसते.

साठा आहे का, हे विचारून थांबू नये

जपानचा सरकारी तांदूळसाठा १९९३ च्या अनुभवातून आला. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ चा उद्रेक आणि इतर कारणांमुळे त्या वर्षीचा उन्हाळा असाधारण थंड गेला, पीक सरासरीच्या ७४ टक्क्यांवर आले, आणि सुमारे २६ लाख टन तांदूळ थायलंड, चीन, अमेरिका आदी देशांतून घाईघाईने आणावा लागला. लांब दाण्याचा थाई तांदूळ लोकांच्या सवयीचा नव्हता, त्यामुळे तो देशी तांदळात मिसळून विकण्याची वेळ आली. १९४२ चा अन्न नियंत्रण कायदा जाऊन १९९५ मध्ये नवा कायदा आला आणि त्याबरोबर साठ्याची पद्धतही सुरू झाली. दहा वर्षांतून एकदा येणारे वाईट पीक निभावता यावे एवढा, म्हणजे सुमारे १० लाख टन साठा ठेवायचा; दरवर्षी २ लाख टन विकत घ्यायचा, पाच वर्षे १५ अंशांखालच्या गोदामात ठेवायचा आणि मग पशुखाद्य म्हणून काढून टाकायचा, अशी ती रचना आहे. २०२० च्या दशकातल्या खपाने भागले तर हा साठा पावणेदोन महिन्यांना पुरेल इतका होतो.

म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारकडे तांदूळ होता. मग दुकानात का नव्हता? साठ्याची तपासणी करताना खरा प्रश्न हाच विचारावा, आणि त्याची उत्तरे तीन ठिकाणी शोधावीत.

पहिले ठिकाण म्हणजे नियम. हा साठा पीक बुडाल्यावर वापरायचा, भाव चढले म्हणून नव्हे, अशी तेव्हाची भूमिका होती. जानेवारी २०२५ च्या अखेरीस नियम बदलून, विकलेला तांदूळ सरकारने पुढे परत विकत घ्यावा या अटीवर साठा खुला करण्यास मुभा दिली गेली, म्हणजे फळ्या रिकाम्या झाल्यानंतर पाच महिन्यांनी.

दुसरे ठिकाण विक्रीची पद्धत. मार्च २०२५ मध्ये लिलाव झाले, आणि पहिल्या लिलावातला नव्वद टक्क्यांहून अधिक माल शेतकरी सहकारी संघांची मध्यवर्ती संस्था झेन-नोह हिने घेतला. तिथून घाऊक व्यापारी, मग गिरणी, मग दुकान असा प्रवास सुरू झाला.

तिसरे ठिकाण हा प्रवासच. साठ्यातला तांदूळ पॉलिश न केलेला असतो. तो गोदामातून काढायचा, तपासायचा, ट्रकने गिरणीपर्यंत न्यायचा, पॉलिश करायचा, पाच किलोच्या पिशव्यांत भरायचा आणि मग दुकानात पाठवायचा. एप्रिलच्या मध्यापर्यंत विकल्या गेलेल्या साठ्यापैकी दुकानांपर्यंत पोचलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी होता.

मे महिन्यात कृषिमंत्री ताकु एतो यांनी आपण कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच भरपूर देतात, अशा आशयाचे विधान केले आणि लोकांच्या संतापामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आलेल्या शिन्जिरो कोइझुमी यांनी लिलाव थांबवून मोठ्या किरकोळ विक्रेत्यांना ठरावीक भावाने थेट तांदूळ देण्याचा निर्णय घेतला, आणि ३१ मे रोजी पाच किलोला सुमारे २,००० येन या भावाने तो फळीवर आला. यात २०२१ आणि २०२२ चा जुना तांदूळही होता. लोकांनी पहाटेपासून रांगा लावल्या. थेट विक्रीने जे काही दिवसांत साधले ते लिलावाने दोन महिन्यांत साधले नव्हते. मात्र याची किंमतही हिशेबात धरावी, कारण साठा दहा लाख टनांवरून निम्म्याच्याही खाली आला, आणि त्याच उन्हाळ्यात पीक बुडाले असते तर हाताशी फारसे काही उरले नसते.

आयातीचे धागे मोजावेत

आयात करणे हा स्वतः दोष नाही. किती देशांकडून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या करारांखाली आयात होते, हे पाहावे. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात अचानक रोखली, तेव्हा जपान सोयाबीनसाठी जवळजवळ सर्वस्वी अमेरिकेवर अवलंबून होता. तोफू, मिसो आणि सोया सॉस हे तिथल्या रोजच्या जेवणातले पदार्थ असल्यामुळे त्या बातमीचा हादरा मोठा होता. बंदी काही महिन्यांतच उठली, पण जपानने त्यातून बोध घेऊन १९७९ पासून ब्राझीलच्या सेर्राडो या माळरानावर शेती उभी करण्यासाठी पैसा आणि तंत्रज्ञान दिले. आज ब्राझील जगातला अव्वल सोयाबीन निर्यातदार आहे. पुरवठादार वाढवणे म्हणजे काय याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही, पण त्याची फळे यायला एक पिढी जावी लागली हेही नोंदवावे.

गव्हाची आयात जपानमध्ये मुख्यतः सरकारमार्फत होते. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांतून गहू घेऊन तो गिरण्यांना विकला जातो आणि विक्रीचा भाव वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये, बदलतो. एप्रिल २०२२ मध्ये तो एकदम १७.३ टक्क्यांनी वाढवावा लागला. गव्हाचा साठा २.३ महिन्यांच्या गरजेइतका ठेवला जातो.

धान्याच्याही मागे जाऊन खताकडे पाहायला विसरू नये. जपान युरिया, फॉस्फेट आणि पोटॅश यांचा कच्चा माल जवळजवळ पूर्णपणे आयात करतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने खतनिर्यातीवर तपासणीचे निर्बंध घातले, त्यानंतर २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आणि जपानने आर्थिक सुरक्षा कायद्याखाली खताला अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घेऊन सुमारे तीन महिन्यांचा कच्चा माल देशात साठवण्याचे ठरवले. शंभर टक्के स्वयंपूर्ण म्हटला जाणारा तांदूळही परदेशी खतावर आणि परदेशी डिझेलवर उभा आहे, ही गोष्ट स्वयंपूर्णतेच्या कोणत्याच दरात दिसत नाही.

पिकवणारे हात आणि जुनी धोरणे

जपानमध्ये मुख्यतः शेतीवरच काम करणाऱ्यांची संख्या २००० मध्ये सुमारे २४ लाख होती, ती २०२४ मध्ये ११ लाखांवर आली, आणि त्यांचे सरासरी वय ६९ वर्षांच्या पुढे गेले. शेतजमीन १९६१ मध्ये ६१ लाख हेक्टर होती, ती आता ४३ लाख हेक्टरांच्या आसपास आहे. या आकड्यांना टीकेची जोड देण्याआधी त्यामागचे धोरण समजून घ्यावे.

साठच्या दशकात सरकार शेतकऱ्यांकडून चढ्या भावाने तांदूळ घेऊन लोकांना स्वस्तात विकत होते. खप घटत गेला आणि १९७० पर्यंत सरकारी गोदामांत सुमारे ७२० लाख क्विंटल, म्हणजे ७२ लाख टन तांदूळ साचला. मग भातक्षेत्र कमी करण्याचे धोरण आले. गावागावाला पिकवण्याचे प्रमाण ठरवून दिले गेले आणि भात न लावणाऱ्याला अनुदान मिळू लागले. ही पद्धत अधिकृतपणे २०१८ मध्ये संपली, तरी भातखाचरांत पशुखाद्याचा तांदूळ, गहू किंवा सोयाबीन लावण्यासाठीची अनुदाने पुढे चालूच राहिली. भाव टिकून शेतकरी जगावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण मागणीला अगदी बेताचे पुरेल एवढेच पिकवण्याची सवय या व्यवस्थेच्या अंगी मुरली. असा देश एका उष्ण उन्हाळ्याने आणि एका चुकलेल्या अंदाजाने अडचणीत येऊ शकतो.

५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी तांदूळ खरोखर कमी पडला होता हे मान्य केले आणि उत्पादन वाढवण्याकडे धोरण वळवण्याची घोषणा केली. त्याआधी वर्षभर ‘तांदूळ पुरेसा आहे, तो कुठेतरी अडकला आहे’ असे सांगितले जात होते. ऑक्टोबरमध्ये सानाए ताकाइची यांचे सरकार आले, नोरिकाझु सुझुकी कृषिमंत्री झाले आणि मागणीनुसार उत्पादन ही भाषा पुन्हा सुरू झाली. खाचर पुन्हा लागवडीखाली आणायचे की नाही हे ठरवणाऱ्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याने तीन महिन्यांत दोन उलट संदेश ऐकले. धोरण अभ्यासताना ते कागदावर कसे आहे एवढेच न पाहता, ते किती काळ टिकते हेही मोजावे.

शेवटचे पाचशे मीटर

देशात अन्न असूनही ते कोणापर्यंत पोचत नाही, हे तपासल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही. जपानच्या कृषी मंत्रालयाच्या संशोधन संस्थेने यासाठी एक साधी कसोटी लावली: ज्याच्या घरापासून अन्नाचे दुकान पाचशे मीटरहून दूर आहे आणि ज्याला मोटारीचा वापर करता येत नाही, त्याची खरेदी अडचणीत आहे असे धरायचे. या कसोटीवर २०२० मध्ये ६५ वर्षांवरचे सुमारे ९० लाख लोक, म्हणजे दर चार वृद्धांमागे एक माणूस अडचणीत असल्याचे दिसले. हे केवळ डोंगराळ गावांतले चित्र नाही, मोठ्या शहरांतल्या जुन्या वसाहतींतही असे वृद्ध आहेत.

मुलांच्या बाबतीत बालदारिद्र्याचा दर पाहावा. २०२१ मध्ये तो ११.५ टक्के होता, पण एकट्या पालकाच्या कुटुंबांत दारिद्र्याचे प्रमाण ४४.५ टक्के होते. २०१२ मध्ये टोकियोच्या ओता भागात एका भाजीच्या दुकानातून ‘मुलांची खाणावळ’ हा उपक्रम सुरू झाला, तिथे मुले एकटी येऊन फुकट किंवा नाममात्र पैशांत गरम जेवण जेवू शकतात. २०२४ पर्यंत अशा खाणावळी दहा हजारांवर गेल्या. २०२० पासून सरकारी साठ्यातला थोडा तांदूळ त्यांना विनामूल्य मिळतो. हे काम प्रामुख्याने शेजारपाजारच्या लोकांनी उभे केले आहे, आणि तांदूळ दुप्पट महाग झाला तेव्हा त्याचा फटका या स्वयंपाकघरांना बसला.

संकटकाळाचा कायदा शेवटी वाचावा

एप्रिल २०२५ पासून जपानमध्ये अन्नपुरवठ्याच्या संकटासाठी नवा कायदा लागू झाला. तांदूळ, गहू, सोयाबीन यांसारख्या ठरवून दिलेल्या एखाद्या वस्तूचा पुरवठा २० टक्के किंवा अधिक घटला आणि लोकजीवनावर परिणाम झाला, तर सरकार उत्पादक, आयातदार व व्यापाऱ्यांकडून पुरवठा वाढवण्याचे आराखडे मागू शकते. आराखडा न देणाऱ्याला २ लाख येनपर्यंत दंड आहे. पुरवठा दरडोई १,९०० किलोकॅलरींखाली जाण्याची भीती असेल तेव्हा उष्मांक अधिक देणाऱ्या पिकांकडे शेती वळवण्यापर्यंत आणि शिधावाटपापर्यंत पावले टाकता येतात.

असे पीक म्हणजे बटाटा आणि रताळे. आयात पूर्ण थांबली तर काय खाता येईल याचा अंदाज मंत्रालय दरवर्षी काढते. सगळी शेती तांदूळ-गव्हाभोवती ठेवली तर दरडोई साधारण १,७०० किलोकॅलरी मिळतात आणि गरज सुमारे २,१७० ची आहे. कंदपिकांकडे वळले तर गरज भागते. अर्थात बियाणे, खत, इंधन आणि मजूर हाताशी आहेत हे त्यात गृहीत धरलेले आहे.

आता आपण वर काढलेली सहा टक्क्यांची तूट या कायद्याशेजारी ठेवावी. कायद्याचा उंबरठा २० टक्के आहे, आणि कुटुंबांचे अंदाजपत्रक कोलमडले ते त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी तुटीने. मला ही या धोरणातली सर्वांत मोठी उणीव वाटते. युद्ध आणि नाकेबंदी यांची तयारी कायद्यात आहे, पण पाच-सात टक्क्यांच्या तुटीत साठा कधी, कोणत्या पद्धतीने आणि किती दिवसांत दुकानात पोचवायचा, याची पक्की रीत २०२५ मध्ये वेळेवर तयार नव्हती.

ज्यांना हा अभ्यास चालू ठेवायचा आहे त्यांनी तारखा लक्षात ठेवाव्यात. स्वयंपूर्णतेचे दर साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जाहीर होतात. गव्हाचा सरकारी भाव एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. पिकाच्या प्रतीचे आकडे शरद ऋतूत येऊ लागतात, आणि त्यांत पहिल्या प्रतीच्या तांदळाचे प्रमाण एकूण उत्पादनाइतक्याच बारकाईने पाहावे. सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे जूनअखेरची खासगी शिल्लक. दर उन्हाळ्यात आधी ती पाहावी, १८ लाख टनांच्या तुलनेत ती कुठे आहे हे वहीत नोंदवावे, आणि मगच ३८ टक्क्यांविषयी लिहायला बसावे.